मुदहळ्ळीच्या बदल्यात

तुळजापुरात खोली मागायला येणाऱ्या पोराला घरमालक साधारण तीन प्रश्न विचारतात. किती जण राहणार, गाडी आहे का आणि मैत्रिणी येणार का. गोविंदअण्णा एकच विचारायचे. "तुझा पुजारी कोण?"

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन, हातात पावती आणि खांद्यावर गादीची गुंडाळी घेऊन आलेल्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर कुठून येणार? मग अण्णा त्याला ओट्याच्या कडेला उभं करायचे. आडनाव, गाव, आजोबांचं नाव, मूळ गाव हेच की दुसरीकडून येऊन वसलात, असं एकेक विचारायचे. डोळे मिटायचे. ओठ हलायचे. आणि मग निकाल लागायचा, "तू आमच्याकडचा न्हाईस. तुझं घर खालच्या आळीला. चल, दावतो." स्वतः चपला घालून त्या मुलाला त्याच्या पुजाऱ्याच्या दारात पोचवून यायचे. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या चारही खोल्या रिकाम्या असल्या तरी.

ज्यांना तुळजापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीला येणाऱ्या प्रत्येक घराण्याचा तिथं एक पुजारी ठरलेला असतो. अमुक गावची माणसं आली की अमुक पुजाऱ्याच्याच घरी उतरणार, तोच त्यांची पूजा करणार, त्याच्याच घरी नैवेद्याचा स्वयंपाक होणार. पुजारी त्यांना यजमान म्हणतात. आजोबांचा यजमान नातवाकडं येतो आणि दुसऱ्याच्या यजमानाला आपल्या घरात घेणं यासारखी नामुष्की नाही. हा दस्तूर देवीला येणाऱ्यांसाठी आहे. गोविंदअण्णांनी तो इंजिनिअरिंगला येणाऱ्यांनाही लावला. सगळ्या गावात हे डोकं फक्त त्यांचं. बाकीचे पुजारी मिळेल त्या पोराला खोली देऊन मोकळे व्हायचे.

"खोली रिकामी असती," अण्णा म्हणायचे, "माणूस रिकामा नसतो. त्यो कुणाचा तरी असतोच."

आम्ही तिघं त्यांच्या दारात गेलो ते कॉलेजच्या हॉस्टेलच्या यादीत एकाचंही नाव न लागल्यामुळं. मी ढोकीचा, सुदर्शन सोनारीचा आणि आयाज परंड्याचा. प्रवेशाच्या रांगेत चार तास उभं राहून आमची मैत्री झाली होती आणि राहायचं तर एकत्रच, असं आम्ही कॅन्टीनमध्ये एकमेकांना वचन दिलं होतं. अठराव्या वर्षी अशी वचनं फार गंभीरपणे दिली जातात. शिवाय त्यात माझा स्वार्थ होता. मला गणित येत नव्हतं. आयाजला इतकं येत होतं की त्याला ते अवघड का वाटत नाही याचंच त्याला वाईट वाटायचं.

अण्णांनी आधी सुदर्शनला घेतलं. डोळे मिटले, उघडले आणि त्यांचा चेहरा फुलला. सुदर्शनचं घर त्यांच्याकडचंच निघालं. त्याच्या पणजोबांनी कोणत्या पौर्णिमेला किती पुरणपोळ्या खाल्ल्या आणि पुढं त्यांचं काय झालं, हेही अण्णांनी आम्हाला सविस्तर सांगितलं. सुदर्शन ओशाळून जमिनीकडं बघत राहिला. मग आयाजची पाळी आली. अण्णांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. इथं तुमचं कुणीच नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. आयाज दोन्ही वेळा नाही म्हणाला.

"मग तुला बंधन कशाचं?" अण्णा म्हणाले. "तू कुणाकडंबी राहू शकतोस. ये आत."

अशा रीतीनं आमच्यातला एकटा मुसलमान मुलगा विनाअडथळा आत गेला आणि मी, ज्याच्या घरात देवघराच्या मधोमध तुळजाभवानीचा टाक आहे, तो बाहेर राहिलो. कारण माझं घराणं निघालं शेषेरावतात्यांचं. शेषेरावतात्या म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाचे पुजारी आणि अण्णांचे चौदा वर्षांचे वैरी.

वैराचं कारण असं की एक यजमान दत्तक गेला होता. जन्मानं तो अण्णांचा, दत्तक घराण्यानं तात्यांचा. दोघांनीही त्याच्यावर हक्क सांगितला आणि दोघांनीही एकाच पौर्णिमेला एसटी स्टँडवर जाऊन त्याचा एकेक हात धरला. तो बिचारा तेव्हापासून तुळजापूरला येतच नाही, अक्कलकोटला जातो. पण अण्णा आणि तात्या यांचं बोलणं बंद झालं ते झालंच. तरीही अण्णांनी मला हाताला धरून तात्यांच्या दारात नेलं, कारण वैर वेगळं आणि हक्क वेगळा. तात्या समोर झोपाळ्यावर बसले होते. अण्णा माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "ह्यांना सांग, तुमचं माणूस आलंय." तात्याही माझ्याकडंच बघत म्हणाले, "त्यांना सांग, दिसतंय." मी काहीच सांगितलं नाही, तरी निरोप पोचले.

खोल्यांना असा दस्तूर लावायचं तात्यांना तोवर सुचलंही नव्हतं. पण अण्णांनी हक्क मान्य केल्यावर तो सोडतील तर ते तात्या कसले. मी घरी फोन केला. मला वाटलं होतं, दादा म्हणतील, असलं काही ऐकू नको, दुसरीकडं खोली बघ. माझे वडील ढोकीच्या साखर कारखान्यात फिटर, यंत्रांत रमणारे, व्यवहारी माणूस. पण आपल्या घराण्याचा पुजारी सापडला हे ऐकून त्यांनी तात्यांचं नाव मला दोनदा परत सांगायला लावलं. आजोबा गेल्यापासून आमचा हा धागा तुटला होता म्हणे. "देवीनं घर दाखवलंय," ते म्हणाले, "आता नखरे करू नको." झालं. माझी राहण्याची जागा माझ्या खापरपणजोबांनी निवडून ठेवली होती.

तात्यांचा जोडधंदा कुंकवाचा. दुकानांना ते पोत्यानं कुंकू पुरवायचे आणि ही पोती जिथं ठेवत त्याच माडीवर माझी खाट टाकली गेली. पहिल्या आठवड्यात माझी गादी गुलाबी झाली, दुसऱ्या आठवड्यात मी. कान, नखं, भाकरी, टूथब्रश, सगळं लाल. ड्रॉइंगच्या शीटवर मी कितीही जपून रेघ ओढली तरी तिच्या आजूबाजूला माझ्या बोटांचे लाल ठसे उमटायचे. एका परीक्षकानं माझी शीट उलटीसुलटी करून बघितली आणि हा मशीनचा भाग आहे की लग्नपत्रिका, असं विचारलं. पौर्णिमेला तर पोत्यांशेजारी तात्यांचे यजमान येऊन झोपायचे आणि मला उठवून, बाळा, देवीचं दर्शन किती वाजता सुरू होतं, असं विचारायचे. अभ्यास शून्य. खोकला मात्र भरपूर.

म्हणून मी अण्णांच्या घराकडं जाऊ लागलो. आयाज वर होता, गणित वर होतं. पण अण्णा मला ओट्यावर चढू देईनात. दुसऱ्याचं माणूस घरात घेतलं असं उद्या कुणी म्हणायला नको. यावर त्यांनीच तोडगा काढला. त्यांच्या घराला पाच पायऱ्या होत्या. त्यांतल्या खालच्या दोन रस्त्यात आल्या होत्या आणि त्या नगरपालिकेच्या, असं अण्णांचं म्हणणं होतं. नगरपालिकेच्या पायरीवर कुणीही बसावं. मी दुसऱ्या पायरीवर बसलो. पहिलं सत्र संपलं, दुसरं लागलं, रोज संध्याकाळी चार ते सात मी त्या पायरीवर आणि आयाज तिसऱ्या पायरीवर, असे आम्ही बसायचो. माझं सगळं इंजिनिअरिंग गणित मी रस्त्यावर शिकलो आहे, हे मी आजही कुणाला मुलाखतीत सांगत नाही.

जेवणाचाही असाच प्रश्न आला. यजमानाला जेवू घालणं हा पुजाऱ्याचा हक्क, त्यामुळं मला घास देणं म्हणजे तात्यांच्या हक्कावर घाला. अण्णांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हे अजिबात पटलेलं नव्हतं. लेकरू खोकत दारात बसतंय आणि हे हक्क मोजतायत, असं त्या आतून ऐकू येईल इतपत बोलायच्या. शेवटी असं ठरलं की काकू ताट आयाजला देणार, आयाज ते तिसऱ्या पायरीवर घेऊन येणार आणि आयाजनं त्याच्या मित्राला दिलं तर त्यात अण्णांचा काही संबंध नाही. अण्णा तेवढ्या वेळापुरते भिंतीकडं तोंड करून बसत. पण मी भाजी कमी घेतली की भिंतीकडं बघतच म्हणत, "आयाज, तुझ्या दोस्ताला सांग, शेपू टाकायचा न्हाय. खोकल्याला चांगला असतो."

हळूहळू ती पायरी आमच्या वर्गाचा अड्डा झाली. मंगळवारी दर्शनाला आलेल्या मुली नोट्स द्यायला थांबायच्या, सोलापूरहून जाऊन-येऊन करणारी मुलं बसची वाट बघत टेकायची. अण्णा प्रत्येकाला गाठायचे. "तुझा पुजारी कोण?" सहा महिन्यांत सगळ्या वर्गाला आपापला पुजारी कळला. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत मुलं ब्रँचप्रमाणे, जिल्ह्याप्रमाणे गट करतात म्हणे. आमच्याकडं गॅदरिंगच्या क्रिकेटच्या टीमसुद्धा पुजाऱ्यांप्रमाणे पडल्या. तात्यांकडचे आम्ही फक्त चौघं निघाल्यामुळं आम्हाला खेळताच आलं नाही. एका मुलाचं आणि मुलीचं त्या पायरीवर जुळलं, तेव्हा दोघांच्या घरच्यांच्या आधी अण्णांनी संमती दिली, कारण दोघंही त्यांच्याकडचेच होते आणि लग्नानंतर यजमान कुणाचा हा घोळ होणार नव्हता.

परीक्षेच्या सकाळी अण्णा सगळ्यांच्या कपाळाला हळदीकुंकू लावायचे. आयाजच्या मनगटाला अत्तर लावायचे, धाराशिवच्या उरुसातून खास आणलेलं. माझ्या कपाळाला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता. शिवाय तिथं कुंकू आधीपासूनच होतं. मग ते नुसतेच पायरीशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "पेन घेतला का?" पेन खिशात दिसत असला तरी विचारायचे.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मी पाच विषयांत नापास झालो. गणितात पास होतो. तेवढं पायरीवर झालं होतं. बाकीचं सगळं माडीवर गेलं. वर्ष गेलं की प्रवेशही डळमळणार होता. दादा दुसऱ्या दिवशीच ढोकीहून मोटारसायकल घेऊन आले. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. माझ्या लाल पेटीला त्यांनी दोरी बांधली, कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटवतो, असं शांतपणे म्हणाले आणि तात्यांच्या पाया पडून निघाले. मला ओरडून सांगायचं होतं की दादा, मी ढ नाही, मी फक्त चुकीच्या खोलीत आहे. पण ती खोली देवीनं दाखवली होती. मी गाडीवर मागं बसलो.

गल्लीतून जाताना अण्णांच्या दारात गाडी थांबवावीच लागली, कारण अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे होते. पेटीकडं त्यांनी एकदा बघितलं. दादांना म्हणाले, गाडी वळवा. आणि आमच्या पुढं चालत तात्यांच्या दारात गेले. मंगळवार होता, गल्ली भाविकांनी भरली होती. तात्या झोपाळ्यावर. अण्णा खाली उभे. मध्ये माझे वडील, हेल्मेट हातात घेऊन.

अण्णा दादांना म्हणाले, "ह्यांना सांगा, ह्यांचा एक यजमान आमाला द्या. बदली देतो."

यजमानांची अशी अदलाबदल पूर्वी कधीकाळी होत असे म्हणतात. त्या दोघांच्या हयातीत कुणी केली नव्हती. तात्यांना माझं काही विशेष नव्हतं, मी म्हणजे एका पोत्याची अडवलेली जागा. पण अण्णांना हवं आहे म्हटल्यावर माझा भाव वाढला. तात्यांनी दादांना सांगितलं की विचारा, बदल्यात काय. अण्णांनी आपल्या यजमानांतलं एक घर देऊ केलं. तात्या म्हणाले, ढोकीचं घराणं आठ पिढ्यांचं आहे. अण्णांनी तीन घरं देऊ केली. तात्या झोपाळा हलवत राहिले. दादांना आधी हा अपमान वाटला. माझं पोरगं काय बैल आहे का, असं ते पुटपुटले. पण अण्णा सात घरांवर आले, मग एका आख्ख्या गल्लीवर आले, तेव्हा त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली आणि ते माझ्याकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघू लागले. भोवती गर्दी जमली. एक बाई ओटीचं ताट हातात घेऊन, कोणाचा लिलाव चाललाय, असं विचारत होती.

"सांगा ह्यांना," अण्णा म्हणाले. "मुदहळ्ळी. आख्खं गाव."

झोपाळा थांबला. मुदहळ्ळी म्हणजे उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवरचं गाव. दीडशे उंबऱ्यांचं. अण्णांकडं जे काही थोडंफार होतं ते या गावामुळं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वर्षातून दोनदा ती माणसं टेम्पो भरून यायची, अण्णांच्या चारही खोल्या, ओटा, गच्ची भरून जायची आणि काकूंच्या कोठीत वर्षाची तूर आणि शेंगा पडायच्या.

तात्या झोपाळ्यावरून उतरले आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा अण्णांच्या तोंडाकडं बघून बोलले, "गोविंदा, शुद्धीवर हायेस का? एका पोरासाठी गाव देतोस?"

"गाव वर्षातनं दोनदा येतं," अण्णा म्हणाले. "ह्यो रोज येतो."

मग गंमत अशी झाली की तात्याच त्यांना परावृत्त करायला लागले. गल्ली घेतो, गाव ठेव, असं म्हणाले. वहिनींना विचारलंस का, असं म्हणाले. अण्णा ऐकेनात. एकदा जबान दिली, आता कमी केलं तर पोराची किंमत कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी नारळ फुटला, सुपारी दिली-घेतली आणि मी गोविंदअण्णांचा झालो. दादांनी पेटीची दोरी सोडली. अण्णांनी माझा हात धरून मला पायऱ्या चढवल्या, एक, दोन, तीन, चार, पाच. ओट्यावर काकू उभ्या होत्या. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आधी आंघोळ कर."

पुढची तीन वर्षं मी, सुदर्शन आणि आयाज एका खोलीत राहिलो. राहिलेले विषय निघाले, पुढचेही निघाले. अण्णांनी त्या व्यवहाराचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. काकू मात्र रोज करायच्या. "गाव गेलं, आता पास तरी हो," असं म्हणून त्या माझ्यापुढं चहा ठेवायच्या. एकदा मला थर्मोडायनॅमिक्समध्ये काठावर मार्क पडले, तर म्हणाल्या, मुदहळ्ळीच्या मानानं कमीच आहेत. मी हसलो, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कारण त्या अदलाबदलीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मुदहळ्ळीकरांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, अण्णांनी आपल्याला टाकलं. पुढच्या पौर्णिमेला त्यांचा टेम्पो गल्लीत आला, अण्णांच्या दारावरून पुढं गेला आणि तात्यांच्या दारात थांबला. ज्या म्हाताऱ्या अण्णांच्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवायच्या त्या तोंड फिरवून गेल्या. अण्णा दाराच्या आत, कुणाला दिसणार नाही असे उभे होते. मी जिन्यात होतो. टेम्पोतून कोण कोण उतरलं, ते आतूनच बोटांवर मोजत होते, आणि एका माणसापाशी अडकले. "शिवम्मा आली न्हाय वाटतं," असं स्वतःशीच म्हणाले. त्या दिवशी मला कळलं की या माणसानं गाव दिलं म्हणजे तूर आणि शेंगा दिल्या नव्हत्या. मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मी फक्त अभ्यास केला. दुसरं काय करणार होतो.

नोकरी लागल्यावर मी दर दोन-तीन महिन्यांनी तुळजापूरला जायचो. अण्णा थकत गेले. गल्लीत लॉज झाले, मोबाइलवर खोल्या मिळू लागल्या, कुणीही कुठंही उतरू लागलं. अण्णा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्याचा पुजारी सांगायचे. लोक हसून पुढं जायचे. तात्या रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी येऊन बसायचे. ज्या व्यवहारानं अण्णांचं गाव गेलं त्याच व्यवहारानं त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, आणि मग पंधरा वर्षांचं साचलेलं ते दोघं एकमेकांना ऐकवत बसले. गेल्या वर्षी अण्णा गेले. देवळातली सकाळची पूजा आटोपून घरी आले, चपला काढल्या आणि गेले.

तेराव्याला पंगत बसली होती तेव्हा गल्लीत एक टेम्पो आला आणि अण्णांच्याच दारात थांबला. पन्नासेक माणसं उतरली. मुदहळ्ळीची. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एका म्हातारीनं काकूंच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि मग सगळेच रडले. जेवणं झाल्यावर त्यांच्यातला सर्वांत म्हातारा माणूस, मल्लप्पा नावाचा, पांढरं धोतर, हातात काठी, ओट्यावर टेकला आणि त्यानं तात्यांना विचारलं की तो पोरगा आलाय का. तात्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मी पुढं जाऊन पाया पडलो. मल्लप्पांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं केला. आजूबाजूला मुदहळ्ळीची माणसं गोळा झाली आणि सगळी मला निरखून बघू लागली. इतक्या लोकांनी एकदम बघितलं की आपले कान किती मोठे आहेत हे आपल्याला जाणवतं.

"आमच्या आख्ख्या गावाच्या बदल्यात घेतलेला त्यो ह्योच व्हय?" मल्लप्पांनी विचारलं. तात्या हो म्हणाले. "का रे तम्मा, असं काय होतं तुझ्यात?"

मी खरं ते सांगितलं. "काही नव्हतं, अप्पा. मी पायरीवर बसायचो."

त्यांनी माझी हनुवटी सोडली. मग विचारलं, मी आता काय करतो. मी म्हणालो, सोलापूरला पंपांच्या कंपनीत आहे. पाण्याचे पंप बसवतो, बिघडले तर दुरुस्त करतो. एकदम कुजबुज झाली. दोन-तीन माणसं कानडीत काहीतरी बोलली. एक बाई पदर तोंडाला लावून हसली.

"आमचा नळाचा पंप दोन महिने झाले बंद हाय," मल्लप्पा म्हणाले. "बाया कोसभर जायलेत पाण्याला. कुणी बघायला येईना." ते काठी टेकत उठले. "आण्णानं आमाला दिलं, तुला घेतलं. आमी रुसलाव त्यांच्यावर. इतकी वर्षं रुसलाव. आता रुसायलाबी माणूस राहिला न्हाय. चल, बस टेम्पोत."

माझी बस दीड तासानं होती, दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती, अंगावर तेराव्याला घालायचे पांढरे कपडे होते आणि हत्यारांची पिशवी सोलापूरला होती. मी काकूंकडं बघितलं. त्या दारातून म्हणाल्या, "जा. पाना-पकड घरातली घेऊन जा."

मागं जागाच नव्हती. मल्लप्पांनी मला केबिनमध्ये ड्रायव्हर आणि स्वतःच्या मध्ये बसवलं. वाटेत चहाला थांबलो तिथं, डिझेल भरलं तिथं, गावच्या वेशीवर म्हशी आडव्या आल्या तिथं, जो भेटेल त्याला ते खिडकीतून माझ्याकडं बोट दाखवून सांगत होते, "ह्यो त्यो. गावाच्या बदल्यातला." पंप सुरू व्हायला दोन दिवस लागले. अजून दर पौर्णिमेच्या आधी तिथून फोन येतो, पंप चालू असला तरी येतो. पलीकडचा माणूस माझं नाव कधी विचारत नाही. मुदहळ्ळीत मला त्या एकाच नावानं ओळखतात, आणि तिथल्या शाळेतली पोरंसुद्धा मला बघून विचारतात की गावाच्या बदल्यात घ्यावं असं काय होतं तुमच्यात. मी त्यांच्याबरोबर शाळेच्या पायरीवर बसतो आणि त्यांना गणित शिकवतो.